सगळ्यांना एकच कवळी

“एका ओळीचं काम आहे!” असं तो म्हणाला, की ऑफिसातली मंडळी पटापट आपापलं काम सेव्ह करून घेत. त्याचं नावच मुळी त्यांनी एकओळ्या ठेवलं होतं. वेबसाइट बनवण्यात गडी पटाईत, यात वाद नाही. पण जगातली कुठलीही अडचण एका ओळीत सुटते यावर त्याचा इतका गाढ विश्वास, की लग्नाची मागणीसुद्धा त्यानं एका ओळीच्या मेसेजमध्ये उरकली होती. आणि होकार मिळाला होता! तेव्हापासून तर त्याला आवरणं कठीण झालं.

त्याची बायको दातांची डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून आज अखेर तिचा स्वतःचा दवाखाना उघडणार होता. खुर्ची नवी, दिवा नवा, भिंतींचा रंग अजून हाताला लागेल इतका नवा. आणि वेबसाइट नवऱ्याची! ती बाहेरून करून घ्यावी, असं तिच्या फार मनात होतं. पण हा हटूनच बसला.

“तुझा पहिला दिवस आहे! एकही पेशंट ताटकळणार नाही, एकाचीही वेळ चुकणार नाही. माझा शब्द!”

साइट खरंच झकास झाली होती. पेशंटनं आपला नंबर घालून आत शिरायचं, की त्याची वेळ आणि त्याचं काम समोर हजर. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बायकोनं फोन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“किती वेळ नुसतं गोल गोल फिरतंय! तेवढ्यात पेशंटचा दात आपोआप पडेल!”

“आत्ता करतो! एका—”

“ओळीचं काम. माहितीये मला.”

आता ही भानगड काय, ते सांगायलाच हवं. आपण पान मागितलं, की ते सर्व्हरवर तयार होतं आणि मग फोनवर येतं. ते कसं तयार करायचं याच्या सूचना प्रत्येक पानाच्या शेजारी एका छोट्या फाइलीत लिहितात. दवाखान्याच्या पत्त्याचं पान सगळ्यांना सारखंच, म्हणून ते एकदा तयार करून ठेवायचं आणि येईल त्याला तेच द्यायचं. पेशंटचं पान मात्र ज्याचं त्याला ताजं करून द्यायचं. साधी गोष्ट! पण पानापानाची वेगळी सूचना लिहीत बसेल तो एकओळ्या कसला? सगळ्या पानांच्या वर एक मुख्य फाइल असते. पानाला स्वतःची सूचना नसेल, तर तिच्यात लिहिलेलं खालच्या सगळ्या पानांना लागू! यानं तिच्यातच ठोकून दिलं: पहिला कुणी मागेल तेव्हा पान तयार करा, पुढे सगळ्यांना तेच द्या!

त्यानं पत्त्याचं पान उघडलं. बोट टेकायच्या आत पान हजर! त्यानं ऑफिसच्या ग्रुपवर बढाई मारली, फोन खिशात टाकला आणि शीळ घालत तयारीला लागला. “अरे, मुख्य फाइलीत? मग पेशंटच्या पानाचं काय?” हा ऑफिसातल्या सीनियर बाईंचा मेसेज खिशातल्या खिशात येऊन पडला.

नेमक्या त्याच वेळी, आतल्या खोलीत दार लावून, लेकीच्या पहिल्या दिवसासाठी आलेल्या त्याच्या सासूबाईंनी आपलं पान उघडलं. वेळ: सकाळी दहा. काम: कवळी बसवणे. त्यांनी ते वाचलं, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि फोन उशीखाली सारला.

सासूबाईंना आपल्या दातांचा कोण अभिमान! “या वयात बत्तीशी शाबूत आहे माझी!” हे त्या ओळखीच्या माणसाला आणि अनोळखी माणसाला सारख्याच उत्साहानं सांगत. गेल्या काही महिन्यांत ती बत्तीशी भराभर रिकामी झाली, तशा त्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. हे फक्त लेकीला ठाऊक होतं. “आई, सगळ्यांत पहिली तूच. तुझं झालं की मगच बाकीचे येतील. जावयालासुद्धा कळणार नाही,” असा लेकीनं शब्द दिला होता. म्हणजे त्या घरात दोन शब्द दिले गेले होते, आणि दोन्ही त्या एका ओळीवर टांगलेले होते.

दवाखान्यात एकओळ्या काउंटरवर जाऊन बसतो न बसतो, तोच फोन खणखणला!

“मी व्यायामशाळा चालवतो. मला नुसते दात साफ करून घ्यायचे होते. तुमच्या साइटवर कवळी दिसतेय!”

“पान लगेच उघडलं ना?”

“हो, उघडलं लगेच. पण कवळी?”

“आमच्या डॉक्टर विचार करूनच लिहितात,” एकओळ्यानं ठासून सांगितलं.

“अहो, माझे सगळे दात आहेत!”

“सध्या आहेत.”

पलीकडे त्यानं बहुधा जिभेनं दात चाचपले. मग बारीक आवाज आला, “दहालाच येऊ ना?”

फोन ठेवतो तर दुसरा! एक नवी नवरी तावातावानं बोलत होती. “यांच्या फोनवर मी आत्ता वाचलं! लग्नाआधी एका शब्दानं कुणी बोललं नाही, यांना कवळी आहे म्हणून!” मागून नवरदेव कळवळून ओरडत होता, “अगं खरे आहेत गं! ओढून बघ हवं तर!”

“पान लगेच उघडलं ना?” एकओळ्यानं विचारलं.

दहाच्या ठोक्याला दार उघडलं आणि अख्खं गाव लोटल्यासारखी माणसं आत घुसली. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकले, नवा रंग पाठींना लागला. खिडकीपाशी बसलेल्या सासूबाई अंग चोरून आणखी कोपऱ्यात सरकल्या. एवढ्या लोकांदेखत आता आत जायचं कसं? त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

“माझी दहाची वेळ आहे! कवळीची!” व्यायामशाळेवाला म्हणाला.

“माझीपण दहाची! कवळीच!” नवरदेव रडवेला होऊन म्हणाला.

“माझीही!” “मलाही तेच सांगितलंय!” चारही बाजूंनी आवाज आले.

सासूबाईंनी मान वर केली. त्यांनी व्यायामशाळेवाल्याचे दंड पाहिले, नवरदेवाचा कोवळा चेहरा पाहिला, आणि त्यांच्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

“अगंबाई! तुम्हा सगळ्यांनाच? मग मी मेली कशाला लपवत बसलेय!” त्या उठून उभ्याच राहिल्या. “मलासुद्धा कवळीच बसवायचीय! हल्ली लागतेच हो सगळ्यांना!”

आणि कितीतरी दिवसांनी त्या तोंडावर हात न ठेवता हसल्या.

इकडे गलका ऐकून बायको बाहेर आली. दोन-तीन फोन पाहिले आणि तिनं नवऱ्याची कॉलर धरली. “काय केलंयस तू?”

एकओळ्यानं खिशातून फोन काढला, सीनियर बाईंचा मेसेज वाचला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं पान उघडलं ते कुणा कवळीवाल्या पेशंटनं, आणि तेच पान त्यानं साऱ्या गावाला वाटलं होतं! पण हार मानेल तर शपथ! त्यानं लॅपटॉप ओढला, पेशंटच्या पानाची फाइल उघडली आणि लिहिलं: हे पान ज्याचं त्याला ताजं द्या.

एवढ्यात बायकोचं लक्ष खिडकीकडे गेलं. आई नव्या नवरीला टाळी देऊन हसत होती! बायकोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“थांब! आई आत खुर्चीत बसेपर्यंत हात लावू नकोस!”

“झालंसुद्धा!” एकओळ्या आनंदानं ओरडला. “मंडळी, पान पुन्हा उघडा!”

एकच जल्लोष झाला! “मला नुसते साफ करायचेत!” “माझी दाढ दाखवायचीय, बाराला!” “बघ, म्हटलं नव्हतं, खरे आहेत!” लोक एकमेकांना फोन दाखवायला लागले.

मग कुणाला तरी सासूबाईंचे शब्द आठवले. आणि एकेक मान खिडकीकडे वळली.

सासूबाईंनी मोठ्या आशेनं आपला फोन पाहिला. वेळ: सकाळी दहा. काम: कवळी बसवणे.

एकओळ्याला आत्ता उलगडा झाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. बिचारी बाई! तिनं जिवापाड जपलेली गोष्ट यानं आधी चुकून साऱ्या गावाला दाखवली, आणि मग दुरुस्त करून तिच्या एकटीच्या गळ्यात बांधली!

सासूबाईंनी फोन पिशवीत टाकला. पदर सारखा केला.

“काय बघताय? दहाची वेळ माझी एकटीची आहे. तुम्ही आपापल्या वेळेला यायचं होतं!” आणि ताठ मानेनं त्या आत गेल्या. गर्दीनं मुकाट वाट दिली.

बाहेर आल्या त्या थेट खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दिलखुलास हसल्या. नवी नवरी नवऱ्याकडे वळली. “तुमच्यापेक्षा छान आहेत!”

एकओळ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोनं आतून त्याचंही नाव पेशंटमध्ये घातलं होतं. त्यानं पान उघडलं.

वेळ: आत्ता. काम: आईची माफी मागणे. एका ओळीत भागणार नाही.

त्यानं घाबरून शेजारच्यांच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. नाही, ते पान फक्त त्यालाच दिसत होतं. सेटिंग अगदी बिनचूक चाललं होतं!