दार उघडू नकोस, पायपर!

वेल्माबाई तीन दिवसांसाठी लेकीच्या घरी राहायला आल्या होत्या, आणि लेकीच्या घराला सहा चाकं होती.

ओहायोतल्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून बाई निवृत्त झालेल्या. लेक कोरीन आणि जावई डेरेक यांनी सात वर्षांचा थिओ आणि साडेतीन वर्षांची पायपर यांना घेऊन घरगाडीत संसार थाटला, तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला होता. दोन वर्षं फोनवर भांडून झाल्यावर शेवटी तह झाला. बाईंनी स्वतः येऊन पाहायचं. पोरांची आबाळ होतेय असं वाटलं, तर गाडी विकायची आणि शाळा उघडायच्या आत ओहायोला परतायचं. हे कबूल करून बसल्यापासून डेरेक जावई असूनही नव्या सुनेसारखा वावरत होता.

दक्षिण डकोटाच्या माळरानावर, जिथे दहा मैलांत दुसरं घर नव्हतं, तिथे त्यांनी मुक्काम ठोकला होता. दोन दिवस कोरीन आईला हौसेने सगळं दाखवत होती. एक नवं खेळणं आत आलं की एक जुनं बाहेर जातं. अंगाला साबण लावताना पाणी बंद. आत भांडण जुंपलं की दोघांनाही बाहेर काढायचं, कारण एवढं अंगण कुणाच्या बापाकडे नसतं. बाई सगळं ऐकून घेत आणि "हं" म्हणत. त्या "हं"चा अर्थ लावता लावता डेरेकची झोप उडाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठी माणसं कॉफी घेऊन बाहेर खुर्च्यांवर बसली होती. मे महिना असला तरी हवेत गारठा होता. बाई रात्रीच्या झग्यावरच शाल पांघरून आल्या होत्या. त्यांचा निळा पोशाख दारावरच्या कापडी पडवीला वाळत टाकलेला होता. थिओ गवतात मुंग्या शोधत होता. पायपर तेवढी आत, संडासात.

तेवढ्यात गाडीच्या दाराचा खटका वाजला.

"पायपर," कोरीन उठून दाराशी गेली, "कडी लावलीस का गं?"

"हो!" आतून अभिमानाने उत्तर आलं. "मला येते लावता!"

"शहाणी माझी. आता काढ बघू."

बराच वेळ खुडबुड झाली. "काढता नाही येत."

"किल्ली?" वेल्माबाईंनी विचारलं.

"आत आहे."

"दुसरी?"

डेरेकने खोकल्यासारखं केलं. दुसरी किल्ली कायम गाडीच्या खाली लोहचुंबकाच्या डबीत असायची. काल संध्याकाळी सासूबाईंना आपली खबरदारी दाखवावी म्हणून त्याने ती डबी काढून आत नेली होती, आणि तिथेच ठेवली होती.

"हं," बाई म्हणाल्या.

डेरेक दाराशी गुडघ्यांवर बसला. "पिल्लू, कडीचा कान असतो ना, लाल, तो वर ढकल. जोरात. वर!"

"ढकलला!"

घर्र असा आवाज झाला आणि दारावरची पडवी आपली आपण गुंडाळायला लागली. पायपरने लाल कान सोडून लाल बटण दाबलं होतं. बाईंचा निळा पोशाख कापडाबरोबर वर सरकला. आधी बाह्या गेल्या, मग गळा. बाईंनी त्याचा घेर पकडून ओढून पाहिला. यंत्र जिंकलं.

"आई, तो निघेल गं नंतर," कोरीन कशीबशी म्हणाली.

"दार उघड, पायपर!" डेरेक आता ओरडायलाच लागला होता. "कान! कान! बटण नको!"

"बाबा," गवतातून थिओचा अगदी हळू आवाज आला. "मागे बघ."

सगळ्यांनी मागे पाहिलं. पूर्वेची टेकडी हलत होती.

आधी वाटलं, ढगाची सावली आहे. मग त्या सावलीला शिंगं दिसली. बायसन होते. दहा-वीस नव्हे, सगळी टेकडी भरून, आणि सावकाश, कुणाचीच घाई नसल्यासारखे ते सरळ या गाडीकडे येत होते.

"वर," डेरेक एवढंच बोलला. गाडीच्या मागे टपावर जायची शिडी होती. थिओ माकडासारखा चढला. त्याच्यामागे कोरीन. वेल्माबाई शिडीपाशी थबकल्या.

"डेरेक, मी अडुसष्ट वर्षांची आहे."

"आई, पुढचा एक जण हजार किलोचा आहे."

बाई चढल्या. झगा गुडघ्यापर्यंत खोचून त्या इतक्या चपळाईने चढल्या, की मागे असलेल्या डेरेकच्या हातावर त्यांचा पाय पडला तो त्यांना कळलाही नाही.

टपावर चौघे पोटावर पालथे झाले. कळप आला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी नदी फुटावी तसा फुटला. एक थोराड नर दाराच्या पायरीपाशी थांबला आणि गाडीच्या कोपऱ्यावर पाठ घासू लागला. घर डुलायला लागलं.

त्याच वेळी आतून आनंदाची आरोळी आली, "आई! कान हलला! मी उघडते!"

छतात जाळीचा झरोका होता. कोरीनने त्याला तोंड लावलं. "नको! पायपर, उघडू नकोस!"

"आत्ता तर उघड म्हणालात!"

"ते मघाशी! आता नको!"

"पण मला येतंय!" आवाज रडवेला झाला. झरोक्याखाली आलेली पावलं परत दाराकडे निघालेली ऐकू आली.

वेल्माबाईंनी पस्तीस वर्षं वर्ग गप्प केलेला आवाज काढला. "पायपर! जागेवर बस!"

पावलं थांबली नाहीत.

मग थिओ सरकत पुढे आला. त्याने झरोक्यातून, जराही आवाज न चढवता, एकच शब्द टाकला.

"कलिंगड."

आतली पावलं जागीच थांबली. मग पलंगाची छोटी शिडी करकरली. बाईंनी जाळीतून खाली डोकावून पाहिलं. साडेतीन वर्षांची ती चिमुरडी आपल्या पलंगावर मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, ओठ घट्ट मिटून बसली होती.

"हे काय?" बाई कुजबुजल्या.

"तो आमचा खऱ्या धोक्याचा शब्द आहे, आजी," थिओ कुजबुजला. "तो कुणीच गमतीत म्हणायचा नाही. बाबानेसुद्धा नाही. म्हटला की पलंगावर बसायचं आणि 'संपलं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. दर रविवारी सराव असतो."

या खेपेला बाई "हं" म्हणाल्या नाहीत.

ऊन वर आलं. नर पाठ खाजवून पुढे गेला, तरी कळप संपेना. तांबूस वासरं आयांच्या पोटाशी लगटून चालली होती. शेकडो नाकपुड्यांतून वाफ निघत होती आणि उन्हात सोनेरी होत होती. खुरांचा आवाज कानात कमी आणि बरगड्यांत जास्त वाजत होता. ओल्या लोकरीचा, मातीचा, चिरडलेल्या गवताचा वास वर येत होता. कोरीनने आईकडे पाहिलं. वेल्माबाई हनुवटी हातांवर टेकून पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"पस्तीस वर्षं शिकवलं मी यांच्याबद्दल," त्या हळूच म्हणाल्या. "पुस्तकात चित्र होतं. काडेपेटीएवढं. त्यावर मी पाच मार्कांचा प्रश्न काढायचे." थोडं थांबून त्या पुटपुटल्या, "मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं."

शेवटचं वासरू उड्या मारत पश्चिमेला दिसेनासं झालं, तेव्हा साडेआठ वाजले होते. थिओने झरोक्यातून "संपलं" म्हटलं. खाली उतरेपर्यंत दार सताड उघडं होतं आणि दारात पायपर उभी होती.

"मी जराही हलले नाही," ती म्हणाली. "नाकाला खाज आली तरी."

वेल्माबाईंनी तिला उचलून इतकं घट्ट धरलं, की ती "आजी, दुखतंय!" म्हणाली.

डेरेकला आता धीर धरवेना. "आई, मग... काय ठरवलंत? मुलांचं?"

"मुलांचं काय ठरवायचंय?" बाई म्हणाल्या. "एवढी समजूतदार पोरं मी चाळीस मुलांच्या वर्गातही पाहिली नाहीत. मुलांची मला रतीभर काळजी नाही."

डेरेकने कोरीनचा हात पकडला. दोन वर्षांत प्रथमच त्याने पोटभर श्वास घेतला.

"काळजी तुमची वाटते," बाई पुढे म्हणाल्या. "दोघं धडधाकट माणसं. किल्ली आत, आपण बाहेर. तुम्हांला असं उघड्यावर टाकून मी जाऊ कशी? मी ऑक्टोबरपर्यंत राहते."

डेरेकचा श्वास आतच राहिला.

"पण आई," कोरीन चाचरत म्हणाली, "जागा... रात्री तू झोपतेस ते आमचं जेवायचं टेबल आहे. रोज उघडा, रोज मिटा..."

"मिटायचं कशाला? खाटच राहू दे." बाईंनी खुर्ची उचलली, पश्चिमेकडे तोंड करून मांडली, आणि नातीला मांडीवर घेऊन बसल्या. "जेवायला बाहेरच बसत जाऊ. ते परत आले तर दिसायला नकोत?"