श्वास मिनिटाला चौदा

"हवेतला सिग्नल या मुकुंदाले फसवू शकत नाही!" हे मुकुंदराव बायकोला, शेजाऱ्यांना आणि दूधवाल्यालासुद्धा सांगून मोकळे झाले होते. वनखात्याच्या वायरलेस खोलीत कानाला हेडफोन लावून त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर शहरात नंदनवन वस्तीतल्या घरात उघडून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिक्सरसुद्धा दोनदा उघडून झाला होता.

अशात इंजिनिअरिंगला असलेल्या त्यांच्या लेकीनं, हिमानीनं, प्रोजेक्टसाठी वायफायचा एक डबा तयार केला.

"बाबा, याच्यावर नेट तं चालतेच. पण त्याच लहरी माणसावर आपटून परत येतात. छाती वरखाली झाली की लहर जराशी बदलते. त्यावरून घरात माणूस आहे का, त्याचा श्वास किती, सगळं मोबाइलवर दिसते. कॅमेरा नाही, काही नाही!"

"म्हणजे बोलणारा सिग्नलच पाहून राहिला?"

मुकुंदराव हरखूनच गेले. ज्या लहरींवर तीस वर्षं नुसतं 'ओव्हर, ओव्हर' केलं, त्या इतक्या चौकस निघाव्यात! ती सगळी दुपार ते डब्यासमोर होते. आधी श्वास रोखून, मग धापा टाकून, मग पालथे पडून. शेवटी बायकोनं, प्रेमलताबाईंनी, काळजीनं पाणी आणून दिलं.

डबा कुठे लावायचा हेही लगेच ठरलं. कुही गावाला मुकुंदरावांची शहात्तर वर्षांची यमुआत्या एकटी राहायची. चैत्रात ती न्हाणीत घसरली, तेव्हापासून प्रेमलताबाई एकच धोशा लावून होत्या, आत्याबाईंना इकडे आणा. आणि आत्याचं उत्तरही एकच, माझं घर सोडून मी कुठे येत नाही.

"आत्या तिच्या घरी, लक्ष आपलं!" मुकुंदराव म्हणाले.

"ठीक आहे. पण डबा एकदा जरी चुकला, तं मी स्वतः त्यांचं सामान बांधीन," प्रेमलताबाईंनी बजावलं.

"बाबा, रिकाम्या घरातली चाचणी राहिली आहे," हिमानी म्हणाली.

"आत्या घर सोडून जातेच कुठं? रिकामं घर आणू कुठून?"

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात कुहीला जाऊन त्यांनी फळीवर डबा बसवला आणि आत्याला दम भरला, "कोणत्याच बटणाले हात लावू नको. काहीच बंद करायचं नाही!"

मग आठ दिवस काय थाट! चहा घेता घेता मोबाइल बघायचा. 'एक व्यक्ती. स्थिर. श्वास मिनिटाला चौदा.' आधी रोज संध्याकाळी ते आत्याला फोन करत, आता त्याचीही गरज उरली नाही.

"किती शांत झोपते वं आत्या!"

"दिवसभर? आत्याबाई?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"वय झालं तिचं," मुकुंदराव म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. मुकुंदरावांनी दार उघडलं. समोर यमुआत्या! डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"तू इथं कशी? तू तं झोपून राहिली!"

"कुठं गा?"

"कुहीले!" त्यांनी मोबाइल पुढे केला.

आत्यानं पडद्याकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं. "बाई, बाई! मंग माह्या घरात कोण झोपलं?"

चोर! दुसरं कोण? मुकुंदरावांनी कुहीतल्या शेजाऱ्याला फोन लावला. "देवराव, आत्याच्या दाराशी उभे राहा! आत चोर झोपला आहे!"

"पण दाराले तं कुलूप आहे गा!"

"तरी आहे! गाढ झोपला आहे, श्वास चौदा!"

सगळे गाडीत बसले. हिमानी मागून दर पाच मिनिटांनी सांगत होती, "अजून चौदाच." मुकुंदरावांना भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. कुलूप न तोडता आत शिरणारा आणि घड्याळ लावल्यासारखा श्वास घेणारा चोर असेल तरी कसा?

कुहीला अर्धी गल्ली काठ्या घेऊन दारात उभी होती. देवराव कुजबुजले, "कौलातून उतरला असंल."

आत्यानं कुलूप काढलं. मुकुंदराव चवड्यांवर आत शिरले. खाटेवर कोणी नाही. खाटेखाली नाही. न्हाणीत नाही. समोर फक्त कूलर घरघरत होता आणि त्याच्या पट्ट्या सावकाश डावीकडे जात होत्या, सावकाश उजवीकडे. हिमानी घड्याळ लावून बघत राहिली. मिनिटाला चौदा फेऱ्या!

तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, कूलरचं बटण बंद केलं आणि स्वतःही अंगणात आली. मोबाइलवर उमटलं, 'श्वास नाही.'

देवरावांनी टोपी काढली. "गेला बिचारा."

बाहेर जी हशाची लाट उठली, ती मुकुंदरावांना चांगलीच झोंबली. आठ दिवस ते कूलरच्या तब्येतीवर खूश होते!

"आत्या, कूलर चालू ठेवून काहून आली?"

"तूच तं म्हणाला, काहीच बंद करायचं नाही!"

प्रेमलताबाईंनी आत जाऊन कोपऱ्यातली पेटी ओढली. "डबा चुकला. चला, सामान बांधते."

आत्या खाटेवर बसली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "मी नंदनवनले काहून आली, हे कोणी विचारलं काय? आठ दिवस याचा फोन नाही. म्हटलं, पोराले काही झालं काय. दोन गाड्या बदलून आली मी, एकटी."

मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायला आणि बघायला एकच सिग्नल होता, आणि ते बोलायचंच विसरले होते! प्रेमलताबाईंनी डोळे पुसले आणि पेटी होती तिथे सरकवली. "राहू द्या आत्याबाईंना इथंच. दोन गाड्या बदलणाऱ्या बाईवर कसलं लक्ष ठेवता? तुम्ही फोन करत जा!"

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी सकाळी सहाला फोन केला. सातला केला. आठला, नऊला, साडेनऊला. पावणेदहाच्या फोनला आत्या त्यांना तोंड उघडू न देता म्हणाली, "जिवंत आहो गा मी! सकाळपासून भाकर टाकू देऊन नाही राहिला. तो डबाच आणून लाव बाप्पा, तो गुपचूप तरी राहे!"