पालकाच्या सहीची ओळ

आमच्या घरात एक नियम आहे. मुलगी घरापासून लांब राहत असेल, तर तिथे आपल्यातलं जे थोरलं माणूस निघेल ते तिचं पालक. का, असं विचारायचं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तेव्हा आत्या म्हणाली होती, "विचारायचं नाही म्हणून." (आता मी स्वतः शिक्षिका आहे. तिसरीतल्या मुलाने असं उत्तर लिहिलं तर मी शून्य मार्क देते.)

मला परदेशात शिकवायची नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी नकाशा उघडून आधी शाळा शोधली नाही, थोरलं माणूस शोधलं. आणि दुर्दैवाने ते सापडलं. बाबांच्या मावसभावाचे साडू. हे नातं सांगताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो, म्हणून सगळे त्यांना नुसतं काका म्हणतात. काका इथल्या एका कंपनीत तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळून रिटायर झाले. म्हणजे काका रिटायर झाले, पत्रव्यवहार चालूच आहे.

सणाची दोन आठवड्यांची सुट्टी जवळ आली आणि मी एक छोटासा निर्णय घेतला. ही सुट्टी मी माझ्या खोलीत, माझी मी काढणार. पंचवीस वर्षांत प्रत्येक सणाला माझी जागा ठरलेली होती: सोफ्यावर, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये. उजवीकडून "पुढे काय ठरवलंयस?" आणि डावीकडून "अगं, पण पुढे काय ठरवलंयस?" यंदा काकांकडेही तसाच सोफा होता.

घरी सांगितलं, "सुट्टीत शाळेत काम आहे." शाळेत सांगितलं, "सुट्टीत काकांकडे जाणार आहे." दोन्हीकडे चोख थाप. मला वाटलं, झालं!

पहिल्या दिवशी मी दहापर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशी खोलीतलं सामान हलवून बघितलं. (सामान म्हणजे पलंग, टेबल आणि खुर्ची. पलंगाला एकच भिंत पुरते, त्यामुळे तो परत तिथेच आला.) तिसऱ्या दिवशी बाहेर पडले, तर रस्ताभर दिव्यांच्या माळा आणि दुकानांची शटरं खाली. समोरच्या सगळ्या खिडक्यांत माणसं गर्दी करून जेवत होती. चौथ्या दिवशी सव्वीस मुलांच्या वह्या तपासल्या, आणि त्या आधीच तपासलेल्या होत्या हे शेवटच्या वहीला लक्षात आलं. पाय एका जागी ठरेनात. हवा होता तो एकांत मिळाला होता, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. पण हे कबूल करण्यापेक्षा मी हीटरशी बोलणं पसंत केलं.

पाचव्या दिवशी हेडबाईंचा फोन आला.

"पालकांचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या.

"कुठल्या मुलाच्या?"

"तुझ्या."

"मला मुलगा नाही."

"तुझ्या पालकांचं," हेडबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं नोकरी करतेय मी. शिक्षिकेच्या पालकांचं पत्र पहिल्यांदाच बघितलं. वाचू?"

त्यांनी वाचलं. 'आपल्या शाळेतील शिक्षिका ही आमच्या देखरेखीखाली आहे. सणाच्या दिवसांत तिला कामावर बोलावले जाते हे समजून खेद झाला. तसेच पुढील वर्षाच्या करारावर तिची एकटीची सही ग्राह्य धरू नये, ही विनंती.' खाली काकांची सही, आणि सहीखाली दोन रेघा.

"सुट्टीत तुला कामावर कोण बोलावतंय?" हेडबाईंनी विचारलं. "शाळेला तर कुलूप आहे."

मी हीटरचं बटण उगाच फिरवलं.

"असो. तुमच्याकडच्या पद्धतीचा मान राखायचा म्हणून करारात मी पालकाच्या सहीची एक ओळ वाढवली आहे. काकांना काल पाठवलाय. पण उद्या दुपारी बारापर्यंत सही आली पाहिजे, नाहीतर तो वर्ग मला दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. यादी उद्याच जाते."

तो वर्ग म्हणजे माझाच वर्ग. हीच सव्वीस मुलं घेऊन मी चौथीत जाणार होते. वर्षाच्या सुरुवातीला त्यातली निम्मी माझ्याशी बोलत नव्हती, आता तास संपला तरी बोलायची थांबत नाहीत. तो वर्ग मला हवा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी माणसाने काहीतरी जळजळीत बोलावं. मी म्हटलं, "थँक यू," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सणामुळे बस तासाला एक, आणि ती माझ्यासमोरून गेली. सव्वा तास तणतणत चालले आणि काकांच्या दारात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते.

"सुटलीस का गं शाळेतून?" काकूंनी दार उघडत विचारलं.

काका टेबलापाशी करार घेऊन बसले होते. शेजारी फाईल. पाण्याच्या जगला टेकवून फोन ठेवला होता, आणि त्यात आई, बाबा, आत्या अशी तीन कपाळं दिसत होती.

"ये, बस. कलम चार वाचतोय," काका म्हणाले. "सुट्ट्यांचा उल्लेख फार मोघम आहे."

"काका, तुम्ही माझ्या हेडबाईंना पत्र लिहिलंत?"

"लिहिलं, आणि पोचसुद्धा घेतली."

"अगं, तुला सणात राबवतात म्हणून मीच त्यांना सांगितलं," फोनमधून आई. "माझा जीव राहीना."

"मला कुणी राबवत नव्हतं. शाळा बंद आहे. मी खोटं बोलले."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" आत्याचं कपाळ पुढे आलं. "एकटी राहिली की हे असं होतं."

"मग पाच दिवस केलंस काय?" बाबांनी विचारलं.

"बसले होते."

"बसायचंच होतं तर इथे बसायचं," काकू म्हणाल्या. "सोफा रिकामाच होता."

(मी सोफ्याकडे बघितलं. खरंच रिकामा होता.)

"झालं ते झालं," काकांनी पेनाचं टोपण काढलं. "मी सही करतो. पुढचं वर्ष आमच्याकडे राहायचं. ते संपलं की नोकरी सोडून परत जायचं. सगळ्यांचं ठरलंय."

"सगळ्यांचं म्हणजे?"

"ही तिघं, मी आणि काकू."

"आणि मी कुठे होते?"

"तू कामात होतीस ना," बाबा म्हणाले.

घड्याळात पावणेबारा. काकांचं पेन कागदावर टेकलं होतं. मी नुसती मान हलवली असती तर वर्ग माझा होता. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघता आलं असतं. पण मग त्या कागदावर ती ओळ कायमची राहिली असती, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर कुणीतरी ती पुन्हा आखून दिली असती.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"तुम्ही सही करायची नाही. मी इथे राहणार नाही. परत कधी यायचं ते मी ठरवणार. मी खोटं बोलले ही माझी चूक, त्याबद्दल हवं तेवढं बोला. पण ही नोकरी माझी आहे आणि यावर सही माझी एकटीची. नाही चालली, वर्ग गेला, तर माझा गेला."

मी काकांच्या हातातलं पेन घेतलं. (ओढलं म्हणणं जास्त खरं होईल.) नको त्या ओळीवर अशी काट मारली की कागद फाटायचा राहिला. दुसऱ्या ओळीवर सही ठोकली, फोटो काढला आणि हेडबाईंना पाठवून दिला.

खोलीत कुणी बोलेना. काकांच्या हातात नुसतं टोपण उरलं होतं. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आई तोंड उघडून होती, पण आवाज नाही. आणि आत्या गप्प! आत्या जागेपणी गप्प बसल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. पुढचे तीन मुद्दे तयार होते, पण कुणी विचारीना.

एवढ्यात माझा फोन वाजला. हेडबाईंचा मेसेज. म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना, आणि मोठ्याने वाचायला घेतला.

"'तुझी एकटीची सही मला मान्य आहे. पण तू शिक्षिकेच्या ओळीवर काट मारली आहेस आणि सही पालकाच्या ओळीवर केली आहेस. मला पालक नको, शिक्षिका हवी. दहा मिनिटं आहेत.'"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काकांनी फाईलमधून कराराची दुसरी प्रत काढली, माझ्यासमोर ठेवली, आणि मी तिसरीतल्या मुलांना दाखवते तसं ते पहिल्या, शिक्षिकेच्या ओळीवर बोट ठेवून थांबले.