मिस्वाकला केस किती?

दात घासणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असा एक घातक गैरसमज समाजात दीर्घकाळ नांदत होता. तो दूर व्हावा म्हणून दंतस्वच्छता साधने नियंत्रण कार्यालय स्थापन झाले. माणसाला दात बत्तीस असले, तरी या कार्यालयात टेबले तेहतीस होती. (तेहतिसावे टेबल बाकीच्या बत्तिसांवर देखरेख ठेवी. दातांना अशी सोय नाही, म्हणून ते किडतात.) कार्यालयाने पहिल्याच वर्षी पाहणी केली. शंभरापैकी सत्त्याण्णव नागरिकांनी आपण रोज दोनदा दात घासतो असे सांगितले. उरलेल्या तिघांनी खरे सांगितले.

या कार्यालयाचे लक्ष चाचांकडे जायला तसा उशीरच झाला. मशिदीच्या फाटकाशी, वजूच्या नळांना लागून, म्हणजे नमाजाआधी जिथे लोक हात-पाय-तोंड धुतात तिथे, चाचांची लाकडी पेटी एकतीस वर्षे होती. त्याआधी त्याच जागी त्यांच्या अब्बांची होती. पेटीत विकायला मिस्वाक. पीलूच्या झाडाचे मूळ वीतभर कापायचे, पाण्यात भिजवायचे, टोकाची साल तासायची. घेणाऱ्याने टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि दात घासायचे. कुंचला झिजला की तेवढे टोक कापून टाकायचे आणि पुढचे चावायचे. नमाजाआधी मिस्वाक करणे ही पैगंबरांची आवडती रीत, म्हणून येणारा जाणारा पेटीशी थांबायचा. हे सारे पिढ्यानपिढ्या कोणाच्याही परवानगीशिवाय चालले होते, यावरून परिस्थिती किती हाताबाहेर गेली होती याची कल्पना यावी.

एके दिवशी पेटीच्या वरच्या भिंतीवर नोटीस लागली. तीस दिवसांत दंतस्वच्छता साधनाचे प्रमाणपत्र घ्यावे, अन्यथा पेटी उचलण्यात येईल. खाली, कार्यालय किती उदार आहे हे दाखवणारी आणखी एक ओळ होती: या कारवाईस कोणा नागरिकाची हरकत असल्यास त्याने खिडकी क्रमांक दोनवर लेखी द्यावी, एक हरकत आली तरी फेरविचार होईल. नोटीस सगळ्यांनी वाचली. मिस्वाक करायला चार-पाच मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात ती आरामात वाचून होई.

चाचांनी घरी जाऊन सुनेला सांगितले. घरात खाणारी तोंडे फार नव्हती, सून दवाखान्यात केसपेपर करायच्या खिडकीवर कामाला होती, तेव्हा उपाशी कोणी मरणार नव्हते. पण ती जागा गेली तर सकाळी उठून जायचे कुठे, हे त्यांना कळेना. सुनेने अर्ज आणला आणि भरायला बसली.

"अब्बा, यात विचारलंय, केस किती?"

"कुणाचे?" चाचांनी टोपीवरून हात फिरवला.

"मिस्वाकचे. ब्रशला असतात तसे."

"अगं, चावल्याशिवाय एकही नाही. चावल्यावर किती निघतील ते ज्याच्या त्याच्या दातावर."

"ते लिहायला जागा नाही. इथे आकडा पाहिजे."

तिने शून्य लिहिले.

चौदाव्या टेबलावरच्या वरिष्ठ लिपिकाने ते शून्य फार वेळ पाहिले. हे गृहस्थ अत्यंत मर्यादशील होते. गेली वीस वर्षे हसताना ते तोंडावर फाईल धरत. (दातांचा रंग फाईलच्या रंगाशी मिळताजुळता होता.) ते म्हणाले, "शून्य केसांचा ब्रश म्हणजे काडी. काड्यांचं आमच्याकडे नसतं, जळणाच्या कार्यालयात जा."

दुसऱ्या दिवशी चाचांनी टोक चावून, छान कुंचला करून मिस्वाक नेली.

"याला केस आहेत," लिपिक म्हणाले, "पण हा वापरलेला आहे. वापरलेल्या साधनाला प्रमाणपत्र देऊन आम्ही रोगराई पसरवायची का?"

"साहेब, वापरल्याशिवाय केस येत नाहीत."

"आणि केस आल्याशिवाय वापरायची परवानगी नाही. तुम्हीच सांगा, आम्ही काय करायचं?"

चाचांना लिपिकाची खरोखर दया आली. असा पेच सोडवायला वरच्या पदाचीच बुद्धी लागते. तेहतिसाव्या टेबलावरच्या साहेबांनी शेरा मारला की नमुना न वापरलेल्या स्थितीत स्वीकारावा आणि कार्यालयाने तो स्वतः चावावा. म्हणजे केस येतील, आणि ते शासकीय देखरेखीखाली आलेले असतील. चावण्याचे काम ज्येष्ठतेनुसार चौदाव्या टेबलाकडे गेले.

आठ दिवसांत लिपिकांच्या तोंडावरची फाईल खाली आली. ते हसले, आणि शेजारच्या टेबलाने ओळखलेच नाही. मग एकट्याच्या तोंडावरून निष्कर्ष काढणे शास्त्रीय नाही, असे एकेका टेबलाच्या लक्षात येऊ लागले, आणि चाचांना दर सोमवारी तेहतीस नमुने आणून देण्याची सूचना झाली. चाचा आनंदाने आणत. नोटिशीचे तीस दिवस भराभर सरत होते, पण काम होतेय असे त्यांना वाटत होते. त्यांनी सगळ्यांना रीत समजावली: उजव्या हातात धरा, झाल्यावर धुवा, आडवी टाकू नका, उभी ठेवा. दुसऱ्याच दिवशी त्याचे परिपत्रक निघाले. पेनांचे स्टँड रिकामे झाले आणि पेने खणात गेली. एकविसाव्या टेबलाने आपण डावखुरे असल्याचा दाखला जोडून सवलत मागितली. मशिदीत लोक दिवसातून पाच वेळा मिस्वाक करतात हे कळल्यावर कार्यालयानेही पाच वेळांचा दंडक घातला, फक्त त्या पाचही वेळा कामकाजाच्या तासांत बसवल्या.

"काम झालं समज," चाचा सुनेला म्हणाले. "तेहतीसच्या तेहतीस माणसं दात दाखवून हसतात मला."

"हसतात ते ठीक," सून म्हणाली. "सही कोण करतंय?"

बाविसाव्या दिवशी नमुन्यांची मोजणी झाली. नोंदवहीत चौदाव्या टेबलाचा नमुना अठरा सेंटिमीटर होता. हाती आला नऊ. उरलेल्या नऊ सेंटिमीटर शासकीय नमुन्याचे काय झाले, याची चौकशी सुरू झाली.

"साहेब, झिजलेलं टोक कापायचंच असतं. कापून कापून ती संपते. असंच असतं ते."

"म्हणजे तुमची वस्तू सरकारच्या ताब्यात असताना लहान होत जाते," लिपिक म्हणाले, "आणि हे तुम्ही अर्जात लपवलंत." बोलताना त्यांचे दात असे चमकत होते, की चाचांना रागवायचे सुचेना.

एकोणतिसाव्या दिवशी अहवाल आला. तो इतका निःपक्षपाती होता की सुनेला दोनदा वाचावा लागला. सदर साधनाने दात स्वच्छ होतात ही बाब निर्विवाद आहे, असे त्यात आरंभीच मान्य केले होते. तथापि सर्व कर्मचाऱ्यांचे दात स्वच्छ झाल्याने तुलनेसाठी अस्वच्छ दात कार्यालयात शिल्लक नाहीत. तसेच नमुनेही शिल्लक नाहीत. सबब प्रमाणपत्र देता येत नाही.

एकतिसाव्या दिवशी, दुपारच्या नमाजाच्या थोडे आधी, पथक आले. माणसे सभ्य होती. पेटी त्यांनी अलगद उचलली, आतली भिजवलेली मुळे सांडू दिली नाहीत. पथकप्रमुखाच्या शर्टाच्या खिशात एक मिस्वाक होती, परिपत्रकाप्रमाणे उभी. चाचांनी टोकाच्या तासणीवरून आपल्या हातचे काम ओळखले. त्यांना राग आला, रडू आले, आणि साल काय सुरेख निघाली आहे याचा अभिमानही वाटला. तो अभिमान वाटल्याबद्दल त्यांना स्वतःचीच सगळ्यात जास्त चीड आली.

नळांपाशी पंचवीस-तीस माणसे वजू करत होती. सगळ्यांनी मान हलवून हळहळ व्यक्त केली. दोघांनी पथकाला विचारले, की आता मिस्वाक कुठे मिळेल.

रजा काढून आलेली सून तिथून थेट कार्यालयात गेली आणि खिडकी क्रमांक दोनवर विचारले, "आमच्या बाबतीत हरकती किती आल्या?"

आतल्या बाईंनी वही उघडून तिच्यासमोर धरली. पान कोरे होते. "अहो, आम्हालाच आश्चर्य वाटलं," त्या म्हणाल्या. "एक जरी आली असती ना, तर साहेब पेटी ठेवणारच होते. त्यांनाही सवय झाली होती."

फाटकाशी आता चौकोनी, स्वच्छ, रिकामी जागा आहे. नोटीस मात्र अजून भिंतीवर आहे. महिनाभर तुम्हीही तिथूनच जात होता, नोटीस वाचत होता, आणि कोणीतरी हरकत घेईलच असे मनाशी म्हणत होता. तेव्हा कार्यालयावर हसायचे असेल तर खुशाल हसा, पण तोंडावर फाईल धरून. दात फारच स्वच्छ दिसताहेत तुमचे.