कोळंबीची डोकी आणि माझे दंड

आमच्याकडे कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेणं हे पुरुषाचं काम. तसा काही कायदा नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वुलनगाँगमध्ये कुणालाही विचारा. त्यातून आमचं घर उतारावर, रस्त्याच्या खाली. म्हणजे दर गुरुवारी सकाळी तो चाकांचा डबा चढावर ढकलत न्यायचा. एकोणसत्तराव्या वर्षी मला तो जरा जड जाऊ लागला होता. (जरा म्हणजे, मध्येच लिंबाच्या झाडापाशी थांबून मी लिंबं बघत बसायचो.)

माझी बायको ग्लेनिस हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

"नेव्हिल," एक दिवस ती म्हणाली, "ज्या गुरुवारी तुला डबा वर नेता येणार नाही, त्या दिवशी हे घर विकायचं आणि वृद्धनिवासात जायचं. मी त्यांचा नंबरसुद्धा आणून ठेवलाय."

घर विकायचं? माझी शेड, माझं लिंबाचं झाड सोडून दोन खोल्यांत जाऊन बसायचं? पण तोंडानं म्हणालो, "हात्तिच्या! अगं, दोन-तीन महिने थांब आणि बघ!" आणि तडकाफडकी क्लबातल्या ज्येष्ठांच्या व्यायामवर्गात नाव घातलं. ग्लेनिस आपली सोबत म्हणून आली.

वर्ग घ्यायला टॅमसिन नावाची पंचविशीची मुलगी. आधी गाण्यावर भरभर चालायचं, पायरी चढायची-उतरायची आणि मग वजनं उचलायची. चालणं सुरू असेपर्यंत मी चहा प्यायचो.

"मिस्टर क्विल्टी, दोन्ही मिळून व्यायाम आहे हो. नुसत्या वजनांनी भागायचं नाही."

"पोरी, मला डबा काय नाचत न्यायचाय?" (मोठा हशा झाला. ग्लेनिस हसली नाही. ती पायरी चढत होती.)

नाताळ येईपर्यंत माझे दंड असे फुगले की शर्टाच्या बाह्या उसवायला लागल्या. गॅसची टाकी मी एका हातानं उचलायचो, तीही शेजारचे लोक त्यांच्या बागेतून बघत असतानाच. घर वाचलं, यात मला काडीचीही शंका नव्हती.

नाताळच्या जेवणाला सगळं खानदान जमलं आणि ढीगभर कोळंबी फस्त झाली. आता, डिसेंबरच्या त्या उन्हात शहाणी माणसं कोळंबीची डोकी कचरागाडीच्या दिवसापर्यंत फ्रीजरमध्ये ठेवतात. मी फ्रीजरमध्ये बिअर ठेवली आणि डोकी थेट डब्यात टाकली. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की कुकाबुरा पक्षीसुद्धा आमच्या अंगणात उतरेना.

गुरुवार उजाडला. एवढे दंड असताना घाई कसली? मी निवांत दात घासत होतो, आणि गाडीचा घरघराट ऐकू आला! तसाच धावलो. डबा कलंडवला, तर काय सांगू, अगदी कापसासारखा! मी सुसाट निघालो, आणि लिंबाच्या झाडापाशी माझा श्वासच संपला. दंडात जोर होता हो, छातीत दम नव्हता! समोरून गाडी निघून चालली होती आणि मला "थांबा" एवढंही ओरडता येईना.

"बाजूला हो!"

नाइटगाऊन आणि सपाता अशा अवतारात ग्लेनिस आली. तिनं माझ्या हातातून डबा हिसकावला, चढ चढली आणि खडखड करत थेट गाडीमागे पळत सुटली. मी कसाबसा टपालपेटीपर्यंत पोचलो आणि त्या पेटीलाच मिठी मारून उभा राहिलो. कोपऱ्यावर गाडी थांबली.

"शाबास, मावशी!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "पण आधी मागे बघा. तुमच्या वडिलांना बरं वाटत नाहीये. या वयात त्यांना कशाला बाहेर काढलंत?"

रिकामा डबा घेऊन ग्लेनिस परत आली. तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती.

"ग्लेनिस... घर..."

"विकायचं नाही."

"खरंच?"

"मग काय! असा चढ मला दुसरीकडे कुठे मिळणार? मला तो आता रोज लागतो."

आनंदानं माझे डोळे भरून आले. घर राहिलं, शेड राहिली, लिंबाचं झाड राहिलं! "मग त्या वृद्धनिवासाचा नंबर टाकून देऊ?"

"नको, असू दे," डबा घेऊन उतार उतरता उतरता ती म्हणाली. "वडिलांची सोय बघायला हवी ना!"