जुळलं, शेठ!

सोनकांबळे सरांनी मला फसवलं. रोज दुपारी, फोनवर, गोड बोलून फसवलं.

मला फसवणं सोपं नाही. चाकूरहून लातूरला पोती उचलायला आलो, आज औसा रोडला माझी स्वतःची डाळमिल आहे. तूर दातांखाली धरून मी तिचा ओलावा सांगतो.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. गोंगाट हा त्यांचा जन्माचा वैरी. माझ्या मुलीच्या लग्नात जोडप्याला आशीर्वाद काय दिला? "गोंगाट कमी राहो!" मागं बँड वाजत होता.

एकदा ते एक डबा घेऊन मिलमध्ये आले. तसाच दुसरा डबा कॉलेजात ठेवून तिथून माझ्या ऑफिसापर्यंत काचेची तार आणली. प्रकाशाचे जुळे कण तयार करायचे, एक तिथं ठेवायचा, एक इकडं पाठवायचा. दोघं असे गुंतलेले, की एकाला तपासलं की दुसऱ्याचं कळतं.

"म्हंजे नांदेडचा भाव मला सगळ्यांच्या आधी कळंल?"

"न्हाई शेठ. यातून निरोप जात न्हाई."

"मग काय जातं?"

"नातं. पुढं त्यातून दोघांपुरतं कुलूप बनतं. तिसऱ्याला उघडत न्हाई."

मला काही कळलं नाही, पण नाही म्हणवेना.

अडचण अशी, की वाटेत गोंगाट घुसायचा आणि नातं पातळ व्हायचं. त्यावर सरांचा उपाय ऐका. दोन कच्च्या जोड्या घ्यायच्या, एक तपासण्यात खर्ची घालायची. दोन्ही टोकांचा निकाल जुळला तर उरलेली जोडी जरा पक्की. नाही जुळला तर दोन्ही फेकायच्या.

"दोन घेऊन एक देता? असा सौदा तर अडत्यासुद्धा करत न्हाई!"

"डाळ चाळताना चूर जातो का न्हाई?"

मी डब्यासाठी टेबल रिकामं करून दिलं.

डब्यावरचा कुठला दिवा लागला, तोच निकाल. तो जुळला का, हे मात्र साध्या फोनवरच विचारायचं. "शेठ, उजवा दिवा की डावा?"

"उजवा."

"माझा डावा. टाका फेकून!"

जुळलं की पोरासारखे ओरडायचे, "जुळलं, शेठ!" हादऱ्यानं डबा बिघडतो म्हणून तेवढा वेळ मी मिल बंद ठेवायचो. हमाल विचारायचे, "शेठ, आरती झाली का?"

सर रिटायर होऊन नांदेडच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. "माझा डबा सोबत आणलाय, तार इथवर जोडून घेतली," म्हणाले. फोन चालूच राहिला. आणि नवल म्हणजे, आता रोज जुळायला लागलं.

"माल सुधारला, सर!"

"तुम्ही मिल बंद ठेवता ना." मग हळूच, "आज वरण मीच केलं. करपलं."

आज सकाळी कॉलेजचा माणूस डबा न्यायला आला. म्हणाला, "तार तर सर रिटायर झाले तेव्हाच तोडली."

"मग हे दिवे?"

"प्रकाश आला न्हाई तरी हा डबा आपोआप दिवे लावतो. निव्वळ गोंगाट."

"अन् सरांचा डबा?"

"तो कॉलेजच्या कपाटात हाय की."

म्हणजे मी आधी सांगायचो, आणि सर तेच म्हणायचे! माझं डोकं फिरलं. चांगल्या चार शिव्या तयार ठेवल्या. दुपारी फोन वाजला. हमालांनी सवयीनं मिल बंद केली. टेबलावर डब्याच्या जागी धुळीत उमटलेला नुसता चौकोन.

"शेठ, उजवा की डावा?"

"...डावा."

"जुळलं!"

आता डबा नेणाऱ्या कॉलेजनं मला जबाब द्यावा. उद्यापासून मी काय बघून सांगू?