आबांचं जपान

जपानला निघताना आबा इस्त्रीचा शर्ट घालतात, बूट चढवतात, स्टँडवर कॅमेरा लावतात आणि बैठकीतल्या टीव्हीसमोर उभे राहतात.

"दार लोट रे," मला म्हणतात, "जपानवर उजेड पडतोय."

आबा आमचे शेजारी. देवासला टेकडीखालच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. हाटपिपल्यापासून उदयनगरपर्यंत किती नवरदेवांना त्यांनी "भिया, हिलना मत!" असं तिकडच्या हिंदीत दरडावलंय, त्याला सुमार नाही. डोळे मिटलेला फोटो ते गिऱ्हाइकाला देत नाहीत. वरमाला पुन्हा घालायला लावतील, पण डोळे उघडे पाहिजेत.

त्यांची मुलगी मुक्ता जपानात नोकरी करते. ती राहते तिथे उन्हाळ्यात ढोलांचा उत्सव भरतो. माणसाहून मोठे ढोल, कपाळाला पट्ट्या बांधलेले वादक. दरवर्षी ती गर्दीतून व्हिडिओ कॉल लावते, मी तो टीव्हीवर जोडून देतो आणि आबा टीव्हीचे फोटो काढतात.

सूचना चालूच असतात. "ओ टोपीवाले भिया, जरा बाजू में!" जपानी टोपीवाला ढिम्म हलत नाही. "यांच्यापेक्षा नालछ्याचे वऱ्हाडी बरे," आबा करवादतात.

"आबा, ती एवढं बोलावते. जाऊन या ना."

"कशाला? जपान घरी येतंय की."

"जपान येतं, मुक्ता येत नाही. इथल्या शिकलेल्या पोरांना इथे धड काम नाही, याचा जाब कुणी तरी..."

"तुझ्या मोर्च्याची पत्रकं नंतर वाट. आधी पडदा ओढ."

यंदा मुक्ता स्वतः वाजवणार होती. फोन तिच्या मैत्रिणीच्या हातात. आबा सकाळपासून लेन्स पुसत होते. "एकच फोटो. समोर बघणारा, डोळे उघडे. भिंतीवर लावायचाय."

ढोल सुरू झाले. टीव्हीखालच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. मुक्ता मधोमध, निळा अंगरखा, कपाळाला चिकटलेले केस आणि डोळे घट्ट मिटलेले.

"लहानपणापासूनची खोड," आबा पुटपुटले. "फ्लॅश उडाला की मिटलेच. उघड गं."

शेवटच्या ठोक्याआधी सगळे वादक हात वर करून थांबले. त्या शांततेत आबा सवयीने ओरडले, "मुक्ते, इकडे बघ!"

आवाज फोनमधून तिथवर पोचला असावा. मुक्ताने डोळे उघडले, थेट आमच्याकडे बघितलं आणि हसली.

मी क्लिकची वाट बघत राहिलो. आबांचा हात कॅमेऱ्यावर नव्हताच. गाडीतून उतरणारं माणूस ओळखल्यावर फलाटावरचा माणूस हात करतो तसा तो वर गेला होता आणि हलत होता. तिला दिसला का, ठाऊक नाही. ठोका पडला, कॉल तुटला.

"फोटो?"

"राहिला," ते म्हणाले. बराच वेळ बूटही काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. अर्ध्या जिल्ह्याचे पासपोर्ट फोटो काढलेले आबा पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसले होते, त्याच इस्त्रीच्या शर्टात.

"माझा एक काढ. पासपोर्टचा."

काढला. डोळे मिटलेले. पुन्हा काढला. पुन्हा मिटलेले. मुक्ताची खोड कुणाकडून आली ते कळलं.

"आबा, डोळे उघडे ठेवा ना."

"ठेवतोय रे," बाहीने डोळे पुसत ते म्हणाले. "भिया, तू हिलना मत."